मानशीवरचा लेख : आठवीच्या वर्गाचा ब्लॉग आणि एक तक्रार

हे प्रकरण गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका शाळेतले आहे : एका मुलीने मानशीवर, म्हणजे खाडीच्या बांधातल्या लाकडी दारांवर, वर्गाच्या ब्लॉगवर लिहिले आणि त्यावर तक्रार आली. शाळा, गाव आणि माणसे ओळखू येतील असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. त्या वर्षी या वर्गाला मराठी टायपिंग आणि लेखाची मांडणी शिकवायला मी अधूनमधून जात होते. त्यामुळे बरेचसे माझ्यासमोर घडले, उरलेले वर्गाच्या मराठीच्या शिक्षिकेने सांगितले. वर्गात ब्लॉग सुरू करू पाहणारे शिक्षक मला पहिला प्रश्न विचारतात तो साधनाचा : कोणते वापरू? या प्रकरणात साधनाची निवड आणि एका तेरा वर्षांच्या मुलीवर आलेला ताण यांचा थेट संबंध होता, म्हणून साधनांबद्दलही इथे सविस्तर लिहिते.

पार्श्वभूमी

शाळा अनुदानित. गोव्यात प्राथमिकचे वर्ग मराठीतून किंवा कोकणीतून करायचे आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जायचे, ही अनेक मुलांची वाट. या वर्गातली बहुतेक मुले गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेतूनच आलेली. आठवीत मराठी उरते ती एका विषयापुरती. घरी पेडण्याची बोली, विज्ञान-गणित इंग्रजीत आणि मराठी निबंधाच्या वहीत. त्या वहीला वाचक एकच, टीचर.

शाळेत हस्तलिखिताची जुनी परंपरा होती. गॅदरिंगला पाहुण्यांच्या हाताने अंकाचे प्रकाशन व्हायचे, टाळ्या व्हायच्या आणि अंक ऑफिसातल्या काचेच्या कपाटात जायचा. मी त्यातले काही अंक चाळले. सुबक अक्षर, कडेने काढलेली तोरणे, शिगम्याची चित्रे. मजकूर मात्र वर्षानुवर्षे तोच : माझा आवडता सण, पावसाळ्यातील एक दिवस, झाडे लावा. मुलांना ठाऊक होते की हे कोणी वाचणार नाही, आणि ज्याला वाचक नाही ते लिखाण असेच होते. मुलांनी लिहिलेले त्यांच्या घरच्यांनी, गावातल्यांनी, मस्कतला नाही तर मुंबईला असलेल्या काकामामांनी वाचावे, एवढीच शिक्षिकेची इच्छा होती. जूनमध्ये शाळा उघडल्यावर तिने कॉम्प्युटरच्या सरांना गाठले आणि वर्गाचा ब्लॉग सुरू झाला.

त्यांनी ‘ब्लॉगर’ हे गूगलचे ब्लॉग लिहिण्याचे साधन घेतले. कारणे सरळ होती. पैसे लागत नाहीत, शाळेचे गूगल खाते आधीच होते आणि मोबाइलवर पान नीट उघडते. ब्लॉगर १९९९ पासून आहे आणि २००३ पासून गूगलकडे. साधन जुने पण साधे, पहिल्यांदा करणाऱ्याला झेपणारे. प्रश्न आला तो खात्यांचा. स्वतःचे गूगल खाते उघडायला मूल किमान १३ वर्षांचे हवे, आणि जूनमध्ये आठवीतली कितीतरी मुले त्या वयाची नव्हती. मग वर्गासाठी एकच खाते काढले आणि त्याचा पासवर्ड फळ्यावर लिहिला. मुलांनी तो वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला. पुढे जे घडले त्याचे मूळ या फळ्यावर आहे. पण त्या दिवशी ते कोणालाच खटकले नाही. सगळ्यांची घाई लिहायला बसण्याची होती.

पावसाळा टायपिंगमध्ये गेला. संगणक खोलीत आम्ही इन्स्क्रिप्ट कळफलक लावला. हा भारत सरकारने ठरवून दिलेला प्रमाण कळफलक, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने. मुले त्याला दोन आठवडे कंटाळली आणि नंतर सोडायला तयार होईनात. घरी मोबाइलवर मात्र गूगलचा जीबोर्ड कळफलक, तोही रोमन अक्षरे मारून मराठी उमटवण्याच्या सवयीचा. तिथे ‘वाऱ्यावर’ लिहिताना ‘वार्यावर’ व्हायचे. इन्स्क्रिप्टमध्ये ‘ऱ’ला स्वतंत्र कळ आहे, हे कळल्यावर एका मुलाने जुने सगळे लेख उघडून तेवढी एक चूक दुरुस्त केली. दुसरी अडचण शीर्षकांची. ब्लॉगरला मराठी शीर्षकाचा दुवा बनवता येत नाही, तो प्रत्येक लेखाला ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा असे नाव देतो. मग पंधरा लेखांचे दुवे दिसायला एकसारखे होतात आणि कोणता कोणाला पाठवला ते कळत नाही. लेख प्रसिद्ध करण्याआधी दुव्याच्या जागी रोमन लिपीत छोटेसे नाव आपण घालायचे, एवढाच उपाय. लेख बाहेर गेल्यावर ते बदलायला बसलात तर आधी पाठवलेले दुवे तुटतात.

लेख आधी गूगल डॉक्समध्ये लिहायचा आणि मग ब्लॉगवर न्यायचा, हा नियम शिक्षिकेने ऑगस्टमध्ये घातला. त्याचे कारण नक्कल. आलेल्या लेखांत विकिपीडियावरचे परिच्छेद होते, एआयकडून लिहून घेतलेले गुळगुळीत निबंधही होते. डॉक्समध्ये आवृत्त्यांचा इतिहास दिसतो. मुलाने स्वतः लिहिले असेल तर वाक्ये हळूहळू वाढलेली, खोडलेली, हललेली दिसतात. उचललेला मजकूर एका क्षणात अख्खा येऊन पडतो. शिक्षिकेने कोणाला पकडून उभे केले नाही. पडद्यावर दोन्ही इतिहास शेजारी शेजारी लावले आणि पोरांना बघू दिले.

चवथीला चित्र पालटले. वडिलांबरोबर माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांच्या छताचे, सामान आणायला डोंगरावर गेलेल्या दोन मुलांनी त्यावर लिहिले. कांगल्या कुठे मिळतात, घागऱ्या तोडताना पाय कुठे घसरला, नारळाची पेंड, म्हणजे घड, बांधताना काथ्या किती लागला आणि बाजारातली महाग माटोळी बघून वडील काय म्हणाले. हा लेख गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला. कुवेतहून एका मामाने खाली लिहिले की त्याला त्या वाटेवरचा दगड न् दगड आठवतो. दुसऱ्या दिवशी वर्गात ते मोठ्याने वाचले गेले. त्या आठवड्यात ‘टीचर, आमचो लेख केन्ना लागतलो?’ असे विचारणाऱ्यांची रांग लागली. वहीला कधी न मिळालेला वाचक आता आला होता.

अडचण

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गातल्या एका मुलीने मानशीवर लिहिले.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगावे लागेल. खाजन म्हणजे खाडीच्या भरतीखाली जाणारी जमीन बांध घालून वाचवलेली. बांधात मानस असते, लाकडी दारांची. भरतीचे पाणी चढले की त्याच्या दाबानेच दारे मिटतात आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला आतले पाणी दारे लोटून बाहेर पडते आणि त्या तोंडाशी जाळे लावून मासे धरतात. आत कोरगुटसारखे खारटपणा सोसणारे भात पिकते. मानशीवरच्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, होते. ज्याने ती घेतली त्याला मासे हवेत, शेतकऱ्याला गोडे पाणी. दोघांचे हित एकाच दारावर अडलेले, आणि गोव्यातल्या खाजनांवरचे वाद कितीतरी पिढ्या याच दाराभोवती फिरत आले आहेत.

मुलीने आजोबांच्या शेताबद्दल लिहिले. सुरुवातीचे परिच्छेद मी आजही वर्गांत वाचून दाखवते. वाळलेल्या मेरेवर मिठाची पांढरी साय कशी धरते, त्यावरून बोट फिरवून तिने जिभेला कसे लावले, आजोबा बांधाच्या भोकात चिखल आणि पेंढा कसा ठासतात. नंतर मात्र लिहिले होते की यंदा मानस घेतलेला माणूस रात्री फळ्या उचलतो, खारे पाणी आत घेतो, म्हणून भात पिवळे पडले आणि त्याला कोणी विचारत नाही. नाव दिले नव्हते. गावात मानस एक आणि घेणारा एक, त्यामुळे नाव देण्याची गरजही नव्हती. लेखाबरोबर मानशीचा फोटो होता, आजोबा पाठमोरे. खाली मुलीचे पूर्ण नाव आणि वाडा.

तिने तो संध्याकाळी घरून, वहीतल्या पासवर्डने टाकला. शिक्षिकेने पाहिला नव्हता. सकाळपर्यंत गावाच्या ग्रुपवर त्याचे स्क्रीनशॉट होते. ब्लॉगवर निनावी प्रतिक्रिया आल्या होत्या, दोन मुलीचे कौतुक करणाऱ्या आणि एक तिच्या घराण्याचे जुने जमिनीचे भांडण काढणारी, घाणेरड्या शब्दांत. पहिल्या तासाला मानस घेतलेले गृहस्थ मुख्याध्यापकांसमोर बसले होते. त्यांचा पुतण्या त्याच शाळेत नववीत. ते ओरडले नाहीत, हे नोंदवायला हवे. ते म्हणाले, “सर, पोरगी लहान आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण शाळेच्या नावानं मला चोर म्हटलंय. उद्या पुतण्याला वर्गात कोण काय बोलेल, ते तुम्ही सांभाळणार काय?”

समोर असलेले पर्याय

मुख्याध्यापकांचा पहिला कल लेख काढून ब्लॉग बंद करण्याकडे होता. व्यवस्थापन समितीतल्या एकांचे म्हणणे त्याहून पुढचे : मुलीने माफीपत्र लिहावे आणि ते ब्लॉगवरच लावावे, म्हणजे विषय मिटेल. इतिहासाच्या शिक्षकांचे मत अगदी उलटे होते. लेख खरा आहे, गावात सगळ्यांना ठाऊक आहे, शाळेने मागे हटू नये. कॉम्प्युटरच्या सरांनी मधला मार्ग सुचवला, ब्लॉग फक्त आमंत्रित वाचकांपुरता ठेवायचा. ब्लॉगरमध्ये तशी सोय आहे. वाचकांचे ईमेल घालायचे, बाकीच्यांना पान उघडत नाही.

माफीपत्रावर शिक्षिका पहिल्याच वाक्याला अडली. “सर, तिनं खोटं लिहिलंय हे आपल्याला माहीत नाही, खरं लिहिलंय हेही माहीत नाही. मग माफी कशाची?” हाच या प्रकरणाचा सांधा आहे असे मला वाटते. समितीला तक्रार मिटवायची होती, इतिहासाच्या सरांना बाजू घ्यायची होती. लेखातली कोणती वाक्ये उभी राहतात आणि कोणती पडतात, हे बघू या, असे त्या खोलीत फक्त शिक्षिका म्हणत होती. लेखन शिकवणाऱ्याचे काम तेच.

खाजगी ब्लॉगचा पर्याय दिसायला सुरक्षित होता. पण कुवेतच्या मामाला आमंत्रण कोण धाडणार? पुन्हा काचेचे कपाटच झाले असते, फक्त पासवर्डचे.

त्या वेळी मी स्कॉटलंडचे एक उदाहरण सांगितले. तिथल्या नऊ वर्षांच्या एका मुलीने २०१२ मध्ये शाळेत मिळणाऱ्या जेवणाचे फोटो आणि त्याला दिलेले गुण ब्लॉगवर टाकायला सुरुवात केली. स्थानिक परिषदेने तिला शाळेत फोटो काढायला बंदी केली, देशभर ओरड झाली आणि परिषदेला ती बंदी लगेच मागे घ्यावी लागली. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतले आणि नेमका फरक दाखवला : तिथे मुलीने संस्थेबद्दल लिहिले होते, इथे शेजाऱ्याबद्दल. संस्थेला ओरड सोसता येते. एका वाड्यावरच्या माणसाला, आणि त्याच्यासमोरून रोज शाळेत येणाऱ्या मुलीलाही, ती सोसत नाही. हा फरक मला पटला, आजही पटतो.

त्यात कायद्याचीही बाजू होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, अशी तरतूद आहे. ब्लॉगवर मुलांची पूर्ण नावे, वाडे आणि फोटो होते, पालकांच्या सहीचा एकही कागद फाइलीत नव्हता.

काय केले

दुपारपर्यंत लेख मसुद्यात परत नेला. ब्लॉगरमध्ये प्रसिद्ध लेख पुसून न टाकता असा मागे घेता येतो, मजकूर आणि फोटो आत सुरक्षित राहतात. त्याच्या जागी शिक्षिकेने दोन ओळी लावल्या : या लेखातली माहिती वर्ग तपासतो आहे, तपासून झाल्यावर लेख पुन्हा येईल. दुसऱ्या ओळीवर मुख्याध्यापक घुटमळले. पुन्हा येईल असे लिहिले की शब्द पाळावा लागतो. बऱ्याच वेळाने त्यांनी ती ओळ राहू दिली. माझ्या मते त्या दिवसाचा सगळ्यात धाडसी निर्णय तोच.

पासवर्ड बदलला. प्रतिक्रिया थांबवून नंतर ‘नेहमी तपासून’ या पर्यायावर टाकल्या, म्हणजे शिक्षिकेने पाहिल्याशिवाय एकही दिसणार नाही. शिवराळ प्रतिक्रियेचा स्क्रीनशॉट ठेवून ती काढली. स्क्रीनशॉट ठेवणे महत्त्वाचे, पुढे तक्रार वाढली तर हातात काही तरी लागते.

मग खरे काम सुरू झाले, आणि ते वर्गात झाले. मुलीची परवानगी घेऊन तिच्या लेखाच्या छापील प्रती वाटल्या. मुलांनी प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढायची : पाहिलेले हिरवी, ऐकलेले निळी, वाटलेले लाल. मिठाची साय हिरवी. पिवळे भात हिरवे. ‘रात्री फळ्या उचलतो’ यावर वर्ग दुभंगला, शेवटी मुलगीच म्हणाली, “टीचर, हें आजोन सांगलें. हांवें पळोवंक ना.” निळी रेघ. ‘म्हणून भात पिवळे पडले’ यावर एका मुलाने विचारले, दुसऱ्या कशाने पिवळे पडत नाही काय? ‘त्याला कोणी विचारत नाही’ लाल. तासाच्या शेवटी तो कागद बघण्यासारखा होता. वरचा अर्धा भाग हिरवागार, खाली निळे-लाल. लेखाचा सगळा जोर वरच्या भागात होता आणि सगळी भानगड खालच्या चार वाक्यांत. हे मुलांना कोणी सांगावे लागले नाही.

संध्याकाळी शिक्षिका मुलीच्या घरी गेली. आजोबांनी आपले म्हणणे मागे घेतले नाही, पण तेही म्हणाले की फळ्या उचलताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले नव्हते. सकाळी पाण्याची पातळी पाहून ते तसे समजले होते.

मानस घेतलेल्या गृहस्थांना शाळेने कळवले की लेख दुरुस्त होऊन पुन्हा येणार आहे आणि त्यात तुमची बाजू हवी आहे. त्यांनी आधी साफ नाही म्हटले. काही दिवसांनी पुतण्याबरोबर निरोप आला, बांधावर या. शिक्षिका, कॉम्प्युटरचे सर आणि चार मुले ओहोटीच्या वेळी गेली, ती मुलगीही होती. त्यांनी मानशीच्या कुजलेल्या फळ्या दाखवल्या, बोट घातले तर आत जाईल अशा. दारे बंद असतानाच पाणी कसे झिरपते ते दाखवले. खेकड्यांनी बांधात केलेली बिळे दाखवली. दुरुस्ती कोणी करायची यावर कुळांच्या संघात एकमत होत नाही, असे सांगितले. रात्री फळ्या उचलता काय, हा प्रश्न मुलीनेच विचारला. ते म्हणाले, “मासे ओहोटीला मिळतात बाय, त्यासाठी मला आधी पाणी आत लागतं, हे खरं. पण तुझ्या आजोच्या शेतात मीठ जावं म्हणून मी काही करत नाही.” मुलीने ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरवले. या उत्तराने प्रश्न पुरता सुटत नाही, हे तिच्याही लक्षात आले होते, परतताना ती तसे बोललीही. पण ते त्यांचे उत्तर होते.

विभागीय कृषी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याला वर्गात बोलावले. त्यांनी माती खारावते कशी, पावसाचे गोडे पाणी ती धुऊन कशी काढते आणि पाऊस लांबला तर काय होते ते समजावले. कोणाची बाजू घेतली नाही.

दरम्यान पालकांना पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) बैठकीत संमतीचा मराठी कागद दिला. त्यात चार गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या : लेख लावायला हरकत आहे का, पहिले नाव दिले तर चालेल का, चेहरा दिसेल असा फोटो चालेल का, आणि मुलाने स्वतः मोबाइलवरून लिहिलेले चालेल का. एकाच सहीवर सगळे न घेण्याचा हा आग्रह शिक्षिकेचा. बहुतेकांनी लेखाला होकार दिला आणि फोटोला नकार.

फोटोंचीही छाननी केली. मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश साठून राहू शकतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्थानाची नोंद बंद करायची, हे मुलांनी एकमेकांना शिकवले. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर हा तपशील गळतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहतो, हेही त्यांनी करून पाहिले.

परिणाम

नाताळच्या सुट्टीआधी लेख परतला, एकाचे दोन होऊन. पहिला मुलीचा : मेर, मीठ, बांध, आजोबांचा संशय ‘आजोबांना असे वाटते’ या शब्दांत, मानस घेतलेल्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत, आणि कुजलेल्या फळ्या, ज्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. दुसरा नववीतल्या पुतण्याचा, जाळे कसे लावतात आणि अमावस्या-पुनवेच्या उधाणाला कोणते मासे येतात यावर. त्याला कोणी लिहायला सांगितले नव्हते. खाली दोघांची फक्त पहिली नावे.

दुसऱ्या खेपेला गाजावाजा झाला नाही. पहिल्या लेखाचे स्क्रीनशॉट मात्र गावात फिरतच राहिले. लेख मागे घेता येतो, स्क्रीनशॉट येत नाही. तक्रार पुढे गेली नाही. मानशीच्या फळ्या त्या वर्षी बदलल्या गेल्या की नाही, याचा लेखाशी संबंध मी जोडणार नाही.

मुलांच्या लिखाणात एक फरक टिकला. लेखात ‘म्हणतात’ आले की कोण म्हणतात, हे शेजारचे मूलच विचारू लागले. शुद्धलेखनाच्या सरावाने जे वर्षभरात साधत नाही ते रंगीत रेघांनी साधले, असे शिक्षिका म्हणते आणि त्यांच्या वह्या पाहून मीही म्हणते.

पण नुकसानही झाले, आणि ते मला अजून टोचते. त्या मुलीने उरलेल्या वर्षात घर, शेत, गाव यांवर काही लिहिले नाही. तिचे पुढचे लेख आवडत्या मांजरावर आणि सहलीवर. वर्गातल्या इतरांनीही गावच्या भांडणांपासून चार हात दूर राहायला सुरुवात केली. खाणीच्या ट्रकांवर लिहायला घेतलेला एक लेख अर्धाच राहिला. त्याला कोणी थांबवले नव्हते. संपूर्ण तपासणी न्याय्य झाली, मुलीला कोणी रागावले नाही, लेख सन्मानाने परतला, तरीही मुलांनी त्यातून उचलले ते हेच की अशा विषयात फार काम पडते आणि आई-वडिलांना शाळेत यावे लागते.

वेगळे काय करता आले असते

लेख मागे घेतल्याचे मुलीला तिच्या वर्गमैत्रिणीकडून कळले. मुख्याध्यापकांच्या खोलीत मोठी माणसे बसून तिच्या लेखाचे ठरवत होती, तेव्हा ती दोन खोल्या पलीकडे गणिताच्या तासाला होती. पाच मिनिटे बोलावून, आम्ही हे का करतो आहोत आणि लेख परत येणार आहे, हे आधी तिला सांगता आले असते. ती पुढे गप्प झाली त्याचे बीज मला तिथे दिसते. रंगीत रेघांचा तास कितीही चांगला झाला तरी तो नंतरचा होता.

प्रसिद्ध करण्याचे बटण कोणाच्या हातात असावे, हा प्रश्न जूनमध्येच सोडवता आला असता. ब्लॉगरमध्ये लेखक म्हणून जोडलेला माणूस आपला लेख थेट प्रसिद्ध करू शकतो, तपासणीची पायरी मध्ये घालता येत नाही. वर्डप्रेस या दुसऱ्या ब्लॉग-साधनात ‘काँट्रिब्युटर’ ही भूमिका असते. मूल लिहून पाठवते, संपादक पाहून लावतो. या भूमिकेला फोटो चढवता येत नाहीत, ते शिक्षकाला करावे लागते. वर्गासाठी तो मला तोटा वाटत नाही. ब्लॉगरच ठेवायचे तर मुलांना ब्लॉगचा पासवर्ड देऊच नये. लिखाण डॉक्समध्ये, लावणे शिक्षकाकडे. ज्यांना खाते काढायचे वय नाही त्यांचेही यात अडत नाही, शाळेच्या संगणकावर वर्गाच्या एका फोल्डरमध्ये लिहिता येते. लगेच लावल्याचा आनंद थोडा कमी होतो, पण वर्गातलीच दोन मुले त्या आठवड्याची संपादक केली तर तो वेगळ्या रूपाने परत मिळतो.

संमतीचा कागद पहिल्या लेखाआधी हवा होता. तक्रारीनंतर आलेला कागद पालकांना शाळेने स्वतःच्या बचावासाठी घेतलेल्या सहीसारखा वाटला, आणि काहींनी तसे बोलूनही दाखवले.

ब्लॉगवर ‘या लेखाबद्दल काही सांगायचे असल्यास’ म्हणून शाळेचा ईमेल आणि भेटण्याची वेळ द्यायला हवी होती. त्या गृहस्थांना मुख्याध्यापकांच्या खोलीखेरीज दुसरी जागाच नव्हती, आणि त्या खोलीत आलेली गोष्ट लगेच शिस्तीची होते.

माफीपत्र न घेण्याचा निर्णय मी बदलला नसता. ब्लॉग उघडा ठेवण्याचाही नाही. बांधावर मुलीला नेण्याबद्दल मात्र शिक्षिकेचे आणि माझे मत आजही जुळत नाही. ती म्हणते, प्रश्न तिचा होता, तिनेच विचारायला हवा होता. मला वाटते, आईवडिलांपैकी एकाला सोबत घ्यायला हवे होते; ज्याच्याबद्दल लिहिले त्याच्यासमोर उभे राहणे तेराव्या वर्षी सोपे नसते, तो माणूस कितीही सौम्य असला तरी.

या वर्षी नव्या आठवीने ब्लॉग वर्डप्रेसवर नेला आहे. जुने लेख ब्लॉगरमधून निर्यात करून तिकडे आणले. ती फाइल वर्डप्रेसने घेतली, पण फोटो एकेक तपासून बघावे लागले. वर्षअखेरीला निवडक लेखांची छापील प्रत काढून ती वाचनालयात उघड्या टेबलावर ठेवायची, असेही ठरले आहे, कारण वाड्यावरच्या सगळ्याच आजी-आजोबांकडे मोबाइल नसतो. व्यवस्थापन समितीने एक अट घातली आहे : वादग्रस्त विषयावरचा लेख मुख्याध्यापकांच्या मंजुरीशिवाय लागणार नाही. वादग्रस्त कशाला म्हणायचे, ते मात्र कुठेच लिहिलेले नाही. शिक्षिकेने त्याबद्दल समितीला पत्र दिले आहे आणि त्यासोबत नमुना म्हणून, त्या वर्गाच्या परवानगीने, रंगीत रेघा ओढलेला तो कागद जोडला आहे. समितीची बैठक अजून व्हायची आहे.